बंड्या, मायोर्का नको

म्युनिक, ११ मार्च

प्रिय बंड्या,

युरोपातल्या सायकल-सहलीबद्दलची तुझी मेल वाचली. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर टाइप करायला घेतलं, पण ते संपेचना, म्हणून शेवटी लॅपटॉप उघडला. चहा घेऊन बस, मोठं होणार आहे.

तुमच्या चौकडीच्या अटी वाचून करमणूक झाली. तुला रोज साठ-सत्तर किलोमीटर सायकल पाहिजे, सुहासला ‘जरा दम काढणारा’ घाट पाहिजे, नित्याला पहाटेपर्यंत नाचायचंय. मन्या दारू पीत नाही, मांस-मच्छी खात नाही, पण ‘माझं काय, मी कुठेही भागवीन’ म्हणतो. असं म्हणणाऱ्याचीच सर्वात जास्त सोय बघावी लागते. आणि एवढं सगळं असताना तुम्ही स्पेनचं मायोर्का बेट ठरवून मोकळे झालात, का, तर नित्याच्या ऑफिसातलं कुणीतरी गेलं होतं आणि फोटो भारी आले होते!

मायोर्का सायकलसाठी वाईट नाही रे. युरोपातल्या व्यावसायिक टीम हिवाळ्यात तिथेच सरावाला जातात. रस्ते गुळगुळीत आणि ट्रामुंतानाचे डोंगर थेट समुद्रात उतरलेले. सुहासला सा कालोब्राचा घाट दाखव: साधारण साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के चढ, म्हणजे आपल्या सिंहगडाच्याच मापाचा. फरक इतकाच की हा रस्ता खाली समुद्राशी जाऊन संपतो. आधी मजेत उतरायचं आणि मग तेवढंच वर चढून यायचं, दुसरा रस्ताच नाही. एका ठिकाणी तर तो गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून जातो. आदल्या रात्री नाचून आलेल्या माणसाला त्या तळाशी उभं राहून वर बघताना काय वाटेल, हे नित्याला विचार.

पण खरी अडचण मोसमाची आहे. सायकलवाले तिथे जातात फेब्रुवारी ते मे, आणि पुन्हा ऑक्टोबरात. मागालुफ या तिथल्या किनाऱ्यावरच्या वस्तीतले मोठे क्लब ऐन रंगात असतात उन्हाळ्यात. तू म्हणतोस तसं जुलैत गेलात तर डोंगरात दहा वाजताच भाजून निघाल आणि त्या अरुंद वळणांवर टूरिस्ट बसच्या मागे धूर खात उभे राहाल. एप्रिलमध्ये गेलात तर नित्या बंद शटरसमोर नाचेल. शिवाय मागालुफ म्हणजे स्वस्त दारू ढोसायला आलेल्या पोरांची जत्रा. २०२० पासून तिथल्या सरकारने हॅपी अवर बंद केले, एका पबातून दुसऱ्यात फिरवणाऱ्या टोळ्या बंद केल्या, रात्री साडेनऊनंतर दुकानातली दारूविक्रीही थांबवली. सरकारला इतकं करावं लागलं, यावरून काय ते समज. पाल्मा शहरातला सांता कातालिना भाग सुरेख आहे, पण त्यासाठी एवढ्या लांबून नका येऊ.

सुहास जिरोनाचं नाव काढेल, कारण अर्धे व्यावसायिक सायकलपटू तिथे राहतात हे त्याने कुठेतरी वाचलेलं असणार. बार्सिलोना तिथून फास्ट ट्रेनने पाऊण तासाच्या आत, म्हणजे कागदावर जमतं. पण स्पेनचं घड्याळ बघ. जेवण रात्री दहाला, क्लबात गर्दी दोननंतर, घरी परत उजाडताना. उन्हाळ्यात सायकल काढायची तर सातला निघायला हवं. तुमच्यातले दोघे झोपायला आणि दोघे निघायला, अशी जिन्यात गाठ पडेल.

बर्लिनबद्दल मात्र मी खरंच दोन दिवस विचार केला. तिथली खुबी लोकांना बाहेरून कळत नाही. काही मोठे क्लब शनिवारी रात्री उघडतात ते थेट सोमवारी सकाळी बंद होतात. त्यामुळे जाणती माणसं शनिवारी रात्री नीट झोपतात, रविवारी नाश्ता करतात आणि दुपारी नाचायला जातात. सायकलवाल्यासाठी यापेक्षा सोयीची गोष्ट दुसरी नाही. सायकलीलाही विषय आहे: जुन्या भिंतीच्या मार्गाने पश्चिम बर्लिनभोवती सुमारे १६० किलोमीटरचा रस्ता काढलाय, दोन-तीन दिवसांत आरामात होतो. कुठे पाइनचं जंगल, कुठे तळी, कुठे ग्लिनिकेचा पूल, जिथे शीतयुद्धात हेरांची अदलाबदल व्हायची. २००८ साली बंद झालेल्या टेम्पलहोफ विमानतळाच्या धावपट्टीवर आता लोक सायकल चालवतात, पतंग उडवतात. तुला वेड लागेल तिथे.

मग बर्लिन का नाही? एक तर सुहास. तिथे चढ म्हणजे पुलाचा चढ. आणि दुसरं म्हणजे क्लबाचं दार. चाळिशीचे चार पुरुष, सगळे एकसारखी इस्त्री करून रांगेत उभे, हे दृश्य दारावरच्या माणसाला अजिबात आवडत नाही. तो काही बोलत नाही, नुसती मान हलवतो, की संपलं. नित्याने आत जाता न आल्याचं दुःख उरलेल्या सहलीत आपल्याला ऐकवलं असतं. त्यामुळे बर्लिन तू आणि मी पुढे कधीतरी, दोघंच.

आता माझं म्हणणं ऐक. डॅन्यूबच्या काठाने जर्मनीतल्या पासाउपासून व्हिएन्ना, आणि तिथून बुडापेस्ट. सप्टेंबरात.

लगेच नाक मुरडू नकोस. मला माहितेय, हा मार्ग निवृत्त जर्मन जोडप्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे आणि वाटेतल्या गावांत रात्री नऊनंतर कुत्रं भुंकत नाही. तेच तर पाहिजे. रोज थोडी सायकल आणि रोज थोडी पार्टी असं केलं की चौथ्या दिवशी दोन्ही नकोसं होतं. इथे आठवडाभर गावं तुम्हाला जबरदस्तीने झोपवतात आणि शुक्रवारी संध्याकाळी नदी तुम्हाला शहरात आणून सोडते. फक्त वार जुळवायचे. सोमवारी पासाउहून निघा, शुक्रवारी व्हिएन्ना. शनिवार-रविवार तिथे. पुन्हा सोमवारी निघा, शुक्रवारी बुडापेस्ट. पहिला टप्पा सुमारे ३२० किलोमीटर, दुसरा तीनशेच्या आसपास. म्हणजे दिवसाला साठ-पासष्ट, तुझ्या मागणीत बसतात.

पासाउला इन, इल्झ आणि डॅन्यूब अशा तीन नद्या एकत्र येतात. म्युनिकहून ट्रेनने मी तुमच्याबरोबर तिथवर येणार आणि पुढेही. सायकली तिथेच भाड्याने घ्यायच्या, त्या व्हिएन्नात परत करता येतात. बॅगा एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी पोचवणारेही आहेत, पण मी म्हणतो कॅरिअरला दोन बॅगा लावून स्वतःच न्यायच्या. एकतर त्यामुळे सुहासला चढ मिळाल्यासारखं वाटेल. नदी वाहते त्याच दिशेने जायचं असल्याने उतार तुमच्या बाजूचा, आणि बहुतेक दिवस वाराही पश्चिमेकडून पाठीवर. श्लोगेनला नदी इतकी मुरडते की आपण आलो कुठून आणि चाललो कुठे हेच कळेनासं होतं. तिथे सायकली घेऊन पलीकडे नेणाऱ्या छोट्या होड्या आहेत. वरच्या टेकडीवर पायवाट जाते. सायकल खाली लावून चढायचं, संपूर्ण वळण वरूनच दिसतं.

लिंझला रात्र काढायची वेळ मंगळवारी येईल. शहर तरुण आहे, जुन्या भागात बार आहेत, नदीकाठी आर्स इलेक्ट्रॉनिका या कला-तंत्रज्ञानाच्या संग्रहालयाची इमारत रात्री रंग बदलत असते. नित्याला तिथे मोह होणार. त्याला आवर. कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच वाटेत माउटहाउझेन लागतं. १९३८ साली नाझींनी तिथे छळछावणी उभारली, दगडाच्या खाणीशेजारी. खाणीतून कैद्यांना पाठीवर दगड घेऊन ज्या १८६ पायऱ्या चढायला लावत, त्या अजून तिथे आहेत. सायकलच्या वाटेवरून तीन-चार किलोमीटर चढून वर जावं लागतं आणि खूप लोक तसेच पुढे निघून जातात. आपण जायचं. आणि तिथे दारूचा वास मारत, गॉगल लावून जायचं नाही, एवढीच माझी अट आहे. त्या दिवशी नंतर फार गप्पा होत नाहीत, सायकल चालत राहते.

मेल्कचा पिवळा मठ दिसला की पुढचे तीसेक किलोमीटर वाखाऊचं खोरं. दोन्ही बाजूंना दगडी बांधांवर द्राक्षमळे, मधे नदी. इथे घाई केलीस तर मी सायकल आडवी घालीन. द्राक्षमळ्याचे मालक आपल्याच अंगणात बाकडी टाकून आपली वाइन विकतात, दारावर हिरवी डहाळी टांगलेली असली म्हणजे उघडं आहे असं समजायचं. सप्टेंबरात ‘श्टुर्म’ मिळते, अजून आंबत असलेली नवी वाइन, गढूळ, गोड. रसासारखी जाते आणि उठताना गुडघे सांगतात. बाटलीला घट्ट बूच नसतं कारण आत गॅस धरतो, त्यामुळे बॅगेत आडवी ठेवलीस तर तुझे सगळे कपडे श्टुर्म पितील. मन्यासाठी तिथल्या जर्दाळूचा रस आहे, जर्दाळू भरलेले गोड उकडलेले गोळे आहेत, चीजमध्ये घोळलेले श्पेत्सले (उकडलेल्या पिठाचे छोटे मऊ तुकडे) सगळीकडे मिळतात. (ऑर्डर देताना वर खारवलेल्या मांसाचे तुकडे नकोत हे आधी सांगायचं.) वाटेत विलेनडॉर्फ नावाचं चिमुकलं गाव आहे, १९०८ मध्ये तिथे रेल्वेच्या कामात अकरा सेंटिमीटरची एक दगडी बाई सापडली, सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, रविवारी दुपारी डोकं जड असताना बघायला उत्तम.

व्हिएन्नात शिरण्याची रीत मला या सगळ्या मार्गात सर्वात आवडते. नुसडॉर्फपाशी मोठी नदी सोडून डॅन्यूबच्या कालव्याची वाट धरायची. हळूहळू दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ग्राफिटी सुरू होते, मग गाणी ऐकू येतात, मग आरामखुर्च्या, आणि एकदम लक्षात येतं की सायकलचा ट्रॅकच तुम्हाला बारच्या मधोमध घेऊन आलाय. शहरातले लोक कामावरून सुटून काठावर पाय सोडून बसलेले असतात. तिथे सायकल बाजूला लावून बसायचं, हॉटेल नंतर. रात्री मात्र सायकल कुलपात राहील. ऑस्ट्रियात सायकलस्वाराला रक्तातल्या दारूची मर्यादा ०.८ प्रति मिल (म्हणजे हजारात ०.८) आहे, त्यावर सापडलात तर दंड शेकडो युरोंचा, आणि पोलीस खरंच थांबवतात. शुक्रवार-शनिवारी मेट्रो रात्रभर चालू असते, म्हणूनच मी शुक्रवार धरून बसलोय. नित्याला ग्युर्टल या मोठ्या रिंगरस्त्यावर न्यायचं. मेट्रोच्या उन्नत मार्गाच्या जुन्या विटांच्या कमानींखाली एकेक क्लब आहे, वरून गाडी जाते आणि खाली बँड वाजतो. दारावर कुणी तुमचे बूट बघत नाही.

रविवारी सुहासला घेऊन मी काह्लेनबर्ग चढीन. सा कालोब्रा नाही, पण द्राक्षमळ्यांतून जाताना घाम निघतो.

पुढचा टप्पा रांगडा आहे, आधीच सांगतो. ब्रातिस्लाव्हापर्यंत पूररेषेच्या बांधावरून सरळसोट रस्ता, वारा समोरून आला तर शिव्या आठवतात. ब्रातिस्लाव्हानंतर डांबर मधेमधे संपतं, कच्ची वाट, खड्डे, काही ठिकाणी गाड्यांच्या रस्त्यावरून. त्यामुळे व्हिएन्नानंतरच्या सायकलींना रुंद टायर असलेच पाहिजेत. तुझी ती लाडकी २५ मिलिमीटर टायरची रोड बाइक विमानातून आणायचा विचारही करू नकोस. एस्टरगोमची मोठी घुमटाची बॅसिलिका लांबूनच दिसायला लागते, मग नदी दक्षिणेला वळते, सेंटएंद्रेमध्ये शेवटची कॉफी, आणि बुडापेस्ट.

बुडापेस्टला सातव्या वॉर्डात, जुन्या ज्यू वस्तीत, पडक्या इमारतींच्या चौकांत बार थाटलेत. काझिन्सी रस्त्यावरचं सिम्प्ला केर्त हे त्यातलं सर्वात जुनं नाव. मोडक्या बाथटबचा सोफा, छताला लटकलेल्या सायकली, आणि रविवारी सकाळी तिथेच शेतकऱ्यांचा बाजार. आता पर्यटक फार झालेत आणि वर राहणारे लोक आवाजाला वैतागलेत, २०१८ मध्ये मध्यरात्रीनंतर बार बंद करावेत का यावर सार्वमतही घेतलं होतं, मतदान कमी पडलं म्हणून ते बारगळलं. तेव्हा गल्लीत ओरडायचं नाही. मन्याला लांगोश खिलव, तळलेली भटुऱ्याएवढी पोळी, वर आंबट साय आणि चीज. सोबत सोडा. आपल्यासाठी वाइनमध्ये सोडा घातलेलं फ्रोच. आणि अंग मोडून आलं की गरम पाण्याची स्नानगृहं आहेतच. रुदाश शुक्रवार-शनिवारी रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, साडेचारशे वर्षांपूर्वीच्या तुर्की घुमटाखाली गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं. नित्याने ‘हीच खरी नाइटलाइफ’ म्हटलं नाही तर त्याचं रात्रीचं जेवण माझ्याकडून.

पावसाची जोखीम आहे. २०२४ च्या सप्टेंबरात याच भागात मोठा पूर आला होता, व्हिएन्नाची मेट्रोसुद्धा काही मार्गांवर बंद पडली होती. तसं झालं तर ट्रेन आहेत. ट्रेनमध्ये सायकलीसाठी आधी जागा राखावी लागते, ते मी बघतो.

व्हिसाचं काम मात्र तुझं. सर्वात जास्त रात्री ऑस्ट्रियात होतात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे करायचा, जर्मनीकडे नाही, विमान म्युनिकला उतरत असलं तरी. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, फी ९० युरो, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा सुहासचा पासपोर्ट संपत आला असेल तर आत्ताच बघायला सांग. दरवर्षी कुणाचा तरी संपतो.

मन्याला वेगळा फोन कर, ग्रुपवर विचारू नकोस, तिथे तो ‘चालेल’च म्हणेल. आणि नित्याला बर्लिनचं काहीच सांगू नकोस. चौघांचं ठरलं की मला तारखा कळव, मी सोमवार बघून पासाउच्या सायकली धरून ठेवतो.

काकूंना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा,
पक्या