इंदूरच्या राजवाड्याजवळच्या फुलवाल्या मावशींना, मनापासून थँक्यू

मावशी, नमस्कार.

तुमची नात मोबाईलवर आलेलं सगळं तुम्हाला वाचून दाखवते असं तुम्हीच म्हणाला होतात, तर तिला म्हणावं हेही मोठ्याने वाच. चिठ्ठी लिहून हातात दिली असती, पण मला हे बाकीच्यांनीही वाचायला हवंय, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या गजऱ्यांची ऑर्डर द्यायला आले होते मी. किती बायका येणार तो आकडा सांगितला, तुम्ही गाठी मारता मारता वर न बघताच विचारलंत, "यात घरातल्या न माळणाऱ्या धरल्यात का?" मला पटकन कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा डोळ्यासमोर आत्या आली.

आमची आत्या काका गेल्यापासून आमच्याकडेच असते. हळदीकुंकवाची सगळी तयारी तिची, डाळ भिजवणं, कैरी किसणं, आंबाडाळीला वरून फोडणी, पन्ह्यात वेलची किती घालायची ते सुद्धा तीच ठरवणार, आणि बायका यायला लागल्या की ती किचनमध्ये. कोणी तिला आत बस असं सांगितलेलं नाही, पण कोणी बाहेर ये असंही म्हटलेलं नाही, आणि हे इतकी वर्षं असंच चाललं होतं. ते तुम्हाला एका वाक्यात दिसलं मावशी, तुम्ही तर आमचं घरही बघितलेलं नाही.

मग तुम्ही स्वतःचं सांगितलंत. मालक गेल्यावर टोपलीशी बसावंच लागलं, दिवसभर हाताला मोगऱ्याचा वास, "मग हाताला चालतो तर डोक्याला का नाही?" म्हणून त्याच वर्षी गजरा माळायला सुरुवात केलीत. आणि समोरच्या बागेतल्या अहिल्याबाईंच्या पुतळ्याकडे हात करून म्हणालात, "त्यांना रोज हार घालतात ना?" मी त्या रस्त्यावरनं लहानपणापासून जातेय, पण हे दोन धागे कधी जोडलेच नव्हते. त्यांचे पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात गेले १७५४ मध्ये, त्यानंतर बाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत कारभार केला, आणि त्यांच्या पुण्यतिथीला आपलं अख्खं इंदूर पालखीवर फुलं उधळतं. त्या गावात आमच्या आत्याला एक गजरा मिळत नव्हता, हे मला खरंच फार लागलं.

पण सगळ्यात जास्त आभार तुम्ही पुढे जे सांगितलंत त्याचे. मी उत्साहात म्हटलं सगळ्यांसमोर आत्याच्या केसात गजरा घालते, तर तुम्ही चक्क रागावलात. "तसं नाही करायचं, बाई संकोचते. ओंजळीत द्यायचा, पुढचं तिचं ती बघेल." कळ्यांचाच गजरा न्या, संध्याकाळपर्यंत उमलेल, ओल्या मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलात तर काळा पडेल, हे सगळं दोनदा बजावलंत.

तसंच केलं. पोळ्या करायला येणाऱ्या ताई, शेजारच्या रिटायर्ड बाई, आई, सगळ्यांना दिला आणि तसाच आत्याला, किचनच्या दारात, ओंजळीत. तिने तो नाकाशी धरला आणि पहिलं काय विचारलं माहितीये, "साधा मोगरा नाही हा, मदनबाण आहे ना?" मग बराच वेळ तो तिच्या हातातच होता, पन्ह्याचे ग्लास भरताना तिने तो मनगटाला गुंडाळला. एक काकू जरा चमकल्या, बोलल्या नाहीत काही. दिवे लागायच्या सुमारास आत्या आईपाशी आली आणि पाठ करून म्हणाली, जरा पिन लाव गं. आईचे हात थरथरत होते, पिन दोनदा निसटली. नंतर आत्या हॉलमध्ये येऊन बसली, सगळ्यांमध्ये, डाळीचं कौतुक ऐकत.

आमच्या ऑफिसात ८ मार्चला सगळ्याजणींना एकेक गुलाब मिळतो, मला तो आवडतो, देणारा आठवणीने देतो. इटलीत त्या दिवशी मिमोसाची पिवळी फुलं देतात, १९४६ पासूनची रीत आहे ही, आणि निवडलं का तर त्या दिवसांत ते फुलतं आणि स्वस्त मिळतं, कुठल्याही बाईला देता यावं म्हणून. तुम्हीही मला महागडा बुके नाही दिलात, म्हणालात आत्ता जे फुलतंय ते द्या, आणि शेजारच्या रिटायर्ड बाईंसाठी वर निशिगंधाच्या चार दांड्या दिल्यात. त्यांचा निरोप आहे की दांडी तिरकी कापून, रोज पाणी बदलून आणि खालची सुकलेली फुलं खुडून वरच्या कळ्या पार शेंड्यापर्यंत उमलल्या.

कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद, आणि मग महाराष्ट्र सरकारने बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आपण पडलो एमपीत, पण आमच्या कॉलनीच्या मराठी ग्रुपवर मी लिहिलंय की पुढच्या हळदीकुंकवाला बोलावणं घरातल्या प्रत्येक बाईला, नाव घेऊन. बऱ्याच जणींनी हो म्हटलंय, एकदोघींशी अजून बोलणं चालू आहे.

आत्याच्या गजऱ्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, "हा माझ्याकडून" म्हणालात. ते मी तिला सांगितलं. गौरींच्या वेण्यांची ऑर्डर द्यायला ती स्वतः येणार आहे, आणि कुंडीत लावायला मदनबाणाची काडी मिळेल का हेही विचारणार आहे, तर एखादी बाजूला काढून ठेवा.

तुमची,
मदनबाणवाल्या आत्याची भाची