खुले पत्र: स्पर्धेची तारीख बदला, पण पोरांच्या जन्मतारखेची अट बदलू नका

मा. क्रीडामंत्री साहेब, गोवा राज्य,

सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातला. नोकरी वेगळी आहे, पण संध्याकाळी गावच्या मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवतो, कोणाकडून पैसे घेत नाही, चवथीचे दिवस सोडले तर गेली पंधरा वर्षं सहसा चुकवलेलं नाही. मोठ्यांसाठी काही मागत नाहीये, जे सांगायचंय ते फक्त वयोगटातल्या पोरांबद्दल आहे, म्हणजे १४ खालची, १७ खालची, १९ खालची. त्यांची स्पर्धा पुढे गेली की त्यांचं काय होतं ते मी घरात बघितलंय म्हणून लिहितोय.

माझी भाची, ताईची मुलगी, जन्मतारीख २९ डिसेंबर २००४. शेतं कापून झाली की मळ्यात मुलग्यांबरोबर खेळायची, तिथूनच सुरुवात. २०२० साली १७ वर्षांखालच्या मुलींचा फिफा वर्ल्ड कप भारतात होणार होता, २ नोव्हेंबरला सुरू होणार होता, आणि अट होती १ जानेवारी २००३ नंतरचा जन्म. आमची बाय त्यात बसत होती. ती इंडियाच्या टीममध्ये होती असं मी अजिबात म्हणत नाही, निवड झालीच असती असंही म्हणत नाही, ती स्टेटपर्यंत पोचलेली आणि पुढच्या ट्रायलची वाट बघत होती एवढंच, पण दार उघडं होतं हे खरं. तिनं कपाटाच्या दाराला आतून स्केचपेननं '२ नोव्हेंबर २०२०' असं लिहून ठेवलेलं, खाली बर्थ सर्टिफिकेटची झेरॉक्स चिकटपट्टीनं लावलेली.

मग कोविड आला. स्पर्धा पुढे गेली, नवीन तारीख आली १७ फेब्रुवारी २०२१. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, फिफानं तेव्हा जन्मतारखेची अट बदलली नाही, १ जानेवारी २००३ तीच ठेवली, म्हणजे २०२१ मध्ये १८ ची होणारी मुलगीसुद्धा खेळू शकली असती. हे बरोबर केलं होतं. बायनं पहिल्या तारखेवर काट मारली आणि खाली दुसरी लिहिली. मैदान बंद होतं तर अंगणात, गच्चीवर, जिथे जागा मिळेल तिथे बॉल घेऊन असायची, ताई वैतागायची, तुळशीवृंदावनाचा एक कोपरा पण फुटला तिच्या शॉटनं.

नोव्हेंबर २०२० मध्ये स्पर्धा रद्दच झाली आणि २०२२ चा वर्ल्ड कप भारताला दिला. सगळीकडे बातमी काय, तर यजमानपद भारताकडेच राहिलं, छान झालं, नुकसान काही नाही. पण २०२२ ची अट काय होती? १ जानेवारी २००५ नंतरचा जन्म. २९ डिसेंबरची मुलगी तीन दिवसांनी बाहेर.

साहेब, हा वर्ल्ड कप तेव्हा दर दोन वर्षांनी व्हायचा (२०२५ पासून दरवर्षी होतो) आणि अटही दोन वर्षांनी सरकायची, म्हणजे साधारण दोन-दोन जन्मवर्षांच्या पोरांच्या वाट्याला त्यांचा म्हणून एकच वर्ल्ड कप यायचा. २००३ आणि २००४ मध्ये जन्मलेल्या मुलींचा तो एक रद्द झाला. देशाला दोन वर्षांनी परत मिळाला, त्या मुलींना नाही मिळाला, आणि हा फरक एकाही बातमीत मला दिसला नाही.

२०२२ मध्ये दोन्ही सेमीफायनल आपल्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर झाल्या, २६ ऑक्टोबरला. त्या दिवशी भाऊबीज होती. मी ताईकडे ओवाळून घेतलं, फोव (पोहे) खाल्ले आणि बायला म्हटलं चल मॅचला जाऊ. पहिल्यांदा नाही म्हणाली, मग आली. नायजेरिया आणि कोलंबियाची मॅच पेनल्टीवर गेली, कोलंबिया ६-५ नं जिंकली, आजूबाजूचे सगळे उभे राहून ओरडत होते आणि ही गप्प बसलेली, हातात पाण्याची बाटली धरून तिचं झाकण उघडतेय आणि बंद करतेय. मधेच मला विचारलं, "मामा, ह्या सगळ्या माझ्याहून लहान ना?" मी हो म्हटलं. तिनं दुसरं काही विचारलं नाही, नंतर जर्मनी-स्पेनची मॅच पण पूर्ण बघितली, परत येताना गाडीत झोपून गेली. मी काय बोलणार होतो, माझ्याकडे बोलायला काही नव्हतंच.

कोविडला कोण काय करणार, दोष कोणाचा नव्हता, हे मला मान्य आहे. पण त्याच कोविडमध्ये मोठ्यांसाठी काय केलं ते बघा. टोकियो ऑलिंपिक २०२० चं २०२१ ला गेलं, ज्यांनी जागा मिळवली होती त्यांच्या जागा तशाच ठेवल्या. ऑलिंपिकच्या पुरुष फुटबॉलला २३ ची अट असते, १ जानेवारी १९९७ ही तारीख तशीच ठेवून २४ वर्षांच्या खेळाडूंना खेळू दिलं. हांगझोच्या एशियन गेम्स २०२२ वरून २०२३ ला गेल्या, तिथेही फुटबॉलमध्ये तसंच केलं, १९९९ चा जन्म चालला. ही बरीचशी पगारी, क्लबवाली, कॉन्ट्रॅक्टवाली माणसं. त्यांना सवलत दिली ते चांगलंच झालं, माझं म्हणणं एवढंच की तेवीस वर्षांच्या बाप्याचं वय मोजताना जो विचार होतो तो पंधरा वर्षांच्या पोरीच्या वेळी का होत नाही.

युथ ऑलिंपिक घ्या. सेनेगलमध्ये डाकारला २०२२ ला होणार होतं, जुलै २०२० मध्ये ते एकदम २०२६ वर नेलं. चार वर्षं! मोठ्यांचं ऑलिंपिक एक वर्ष पुढे आणि छोट्यांचं चार, कारण सगळ्यांवर कामाचा ताण होता म्हणे. २००६ चा मुलगा २०२२ मध्ये १६ चा होता, २०२६ मध्ये तो २० चा, युथमध्ये बसतच नाही. २००४ ते २००७ च्या अख्ख्या बॅचला युथ ऑलिंपिक म्हणजे काय ते कळलंच नाही. ही काही पोरांची सहल नसते, ब्युनॉस आयर्सला २०१८ मध्ये नेमबाज मनू भाकर तिथे गोल्ड घेऊन आली, पुढे पॅरिसला २०२४ मध्ये तिनं दोन मेडल आणली. वेटलिफ्टर जेरेमी लालरिननुंगा तिथलाच गोल्डवाला, २०२२ च्या कॉमनवेल्थमध्ये परत गोल्ड. मधल्या बॅचमध्ये असं कोण होतं ते आता कोणाला कधी कळणारच नाही. आणि एशियन युथ गेम्स तर २०१३ ला नानजिंगला झाल्या त्यानंतर थेट २०२५ ला बहारीनला, मधली बारा वर्षं कधी यजमान बदल, कधी पुढे ढकल, कधी रद्द.

मुलग्यांचंही तेच. १६ वर्षांखालची आपली फुटबॉल टीम २०२० च्या एएफसी (आशियाई फुटबॉल संघटना) स्पर्धेला क्वालिफाय झालेली, कोच आपल्या गोव्याचेच बिबियानो फर्नांडिस. ग्रुपमध्ये दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान. स्पर्धा आधी पुढे गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये रद्द. क्वालिफाय होऊनसुद्धा खेळता आलं नाही, आणि पुढच्या स्पर्धेला २००६ च्या पोरांची टीम गेली.

आपल्याला पुढे ढकलणं काय असतं ते नवीन सांगायला नको. लुसोफोनिया गेम्स (पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांच्या स्पर्धा) नोव्हेंबर २०१३ च्या जानेवारी २०१४ ला झाल्या, नॅशनल गेम्सची तर आपण किती वर्षं वाट बघितली, शेवटी त्याच फातोर्ड्यावर २६ ऑक्टोबर २०२३ ला उद्घाटन झालं. तेव्हा मोठे खेळाडू चिडले होते, बरोबरच होतं, पण ते उशिरा का होईना खेळले. सिनियरला उशीर म्हणजे उशीर असतो, १७ खालच्याला उशीर म्हणजे नाहीच.

मी याबद्दल एका ऑफिसात विचारायला गेलो होतो, तिथे मला सांगितलं की अहो तिला पुढच्या वयोगटात खेळवा. हे ज्यांनी मैदानावर पोरं बघितलेली नाहीत तेच बोलू शकतात. १७ मधून १९ किंवा २० मध्ये गेलं की जागा कमी, समोर दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुली, आणि निवडणारे विचारतात आधी कुठे खेळलीस, आधीची स्पर्धाच झाली नाही तर ती काय दाखवणार? डिसेंबरच्या पोरांचं तर आणखी वाईट, ती शाळेपासून आपल्या वर्षात सगळ्यात लहान, जानेवारीवाल्यांपेक्षा अकरा महिन्यांनी मागे, बुटकी, कायम बेंचवर. पंधरा-सोळाला कुठे ती अंगानं बरोबरीला येतात आणि नेमकं तेव्हाच त्यांचं वर्ष निघून जातं.

एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. मोठ्या पोरांना ठेवलं तर खालच्या पोरांची जागा जाते. २००५-०६ च्या मुलींनी काय पाप केलं? काही नाही. म्हणून स्पर्धा रद्द होऊन पुढची आली तर त्यात मोठ्यांना घुसवा असं मी म्हणत नाही. पण स्पर्धा नुसती पुढे गेली असेल तर तीच पोरं खेळली पाहिजेत ज्यांच्यासाठी ती होती, तिथे कोणाची जागा जात नाही. आणि रद्दच झाली तर त्या बॅचसाठी वेगळं काहीतरी करा.

हे सगळं फिफाच्या आणि आयओसीच्या (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या) हातात आहे, गोव्याच्या मंत्र्यांच्या नाही, असं तुमचे अधिकारी सांगतील. पण केंद्रीय क्रीडामंत्र्यांबरोबर राज्यांच्या बैठका होतात, तिथे हा विषय काढायला कोणाची परवानगी लागत नाही. २०३६ चं ऑलिंपिक आणायची भाषा देश करतोय, तर भारत जी वयोगटाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेईल तिच्या करारातच आधी लिहून घ्या की तारीख हलली तर जन्मतारखेची अट हलणार नाही. कोविड गेला पण स्पर्धा पुढे जाणं काही थांबलेलं नाही, उद्या पूर येईल, लढाई होईल, फेडरेशनवर बंदी येईल. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं आपल्या फुटबॉल फेडरेशनला सस्पेंड केलं तेव्हा तो वर्ल्ड कप पण जाता जाता राहिला, दहा-अकरा दिवसांत उठलं म्हणून, नाहीतर २००५ च्या मुलींचंही तेच झालं असतं.

आणि जे पूर्ण तुमच्या हातात आहे ते तर उद्या करता येईल. राज्य पातळीवरच्या, शाळांच्या स्पर्धा परीक्षेमुळे नाहीतर इलेक्शनमुळे वर्ष ओलांडून पुढे गेल्या तर ज्या तारखेला जाहीर झाल्या तेव्हाची वयाची अट धरा, एका सर्क्युलरचं काम आहे. दहावी-बारावीला खेळाचे मार्क मिळतात, तर निवड झालेल्या पोराची स्पर्धा रद्द झाली म्हणून त्याचे मार्क जाऊ नयेत, निवडीचं पत्र धरावं. आणि ज्या वर्षी एखाद्या बॅचची मोठी स्पर्धा बुडेल त्या वर्षी त्याच जन्मवर्षांच्या मुलामुलींसाठी इथेच फातोर्ड्याला किंवा म्हापशाच्या पेडे मैदानावर चार दिवसांची स्पर्धा घ्या, बाहेरच्या राज्यांच्या टीम बोलवा, निवड करणारी माणसं आणून बसवा. वर्ल्ड कप होणार नाही त्यानं, पण कोणीतरी त्यांना खेळताना बघेल तरी.

बाय आता २१ ची. कॉलेज झालं, रविवारी मैदानावर येऊन लहान मुलींना शिकवते. फॉर्म भरायचं काम तिनं स्वतःकडे घेतलंय, पहिल्यांदा बर्थ सर्टिफिकेट मागते, तारीख बोट ठेवून वाचते, मग बाकीचं. यंदा १३ वर्षांखालच्या आमच्या एकोणीस पोरी आहेत, त्यातल्या चार डिसेंबरच्या. त्यांचे फॉर्म तिनं वेगळे काढून ठेवलेत. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "तारीख बदलली तर आधी ह्यांच्या घरी फोन करायला लागेल."

आपल्या उत्तराची वाट बघतो.

आपला,
फोंडा तालुक्यातला एक मामा