अलर्ट आला, पण पाहिला कोणी?

महोदय,

वित्तसेवांमधल्या रिअल-टाइम, म्हणजे व्यवहार होत असतानाच केल्या जाणाऱ्या, डेटा विश्लेषणावरची चर्चा आपल्या दैनिकात वाचली. वेगाचं कौतुक बरंच झालं. पण त्या वेगाने आलेली माहिती शेवटी कोणाच्या हाती पडते, याबद्दल अवाक्षर नव्हतं, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी एका रात्री पावणेबाराला माझ्या आईच्या खात्यातून अनोळखी खात्यात पैसे गेले. दहा मिनिटांत आणखी तीनदा गेले. तक्रारीला बँकेचं उत्तर आलं तेव्हा कळलं, की पहिलाच व्यवहार त्यांच्या यंत्रणेने काही सेकंदांत संशयास्पद ठरवला होता. अलर्ट निघाला, यादीत जाऊन बसला आणि सकाळी कर्मचारी आल्यावर उघडला गेला. रात्री ती यादी बघायला कोणी नव्हतं आणि व्यवहार आपणहून रोखायची मुभा यंत्रणेला दिलेली नव्हती. आईने ते पत्र दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे त्यांना माहीत होतं?"

हे फक्त आमच्याच बाबतीत घडतं असं नाही. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने २०१२ मध्ये नवं सॉफ्टवेअर बसवलं, पण आठपैकी एका सर्व्हरवर ते चढवायचं राहून गेलं. १ ऑगस्टला बाजार उघडायच्या आधीच काहीतरी चुकतंय असं कळवणारे ९७ ईमेल कंपनीच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांना धाडले होते. त्यांची कोणी दखल घेतली नाही, कारण ते ईमेल 'अलर्ट' म्हणून पाहायचे असं ठरलेलंच नव्हतं. बाजार उघडल्यावर ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक नको असलेले सौदे झाले आणि कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. माहिती तिथेही वेळेवरच आली होती.

माझा या तंत्रज्ञानाला विरोध नाही, उलट ते हवंच. दिवसभराचे व्यवहार रात्री एकगठ्ठा तपासायचे आणि सकाळी रिपोर्ट काढायचा, हे चेक वटायला दिवस लागत तोवर ठीक होतं. आता पैसे सेकंदात पोहोचतात आणि तिथून लगेच तिसऱ्याच खात्यात वळवले जातात. त्यामुळे तपासणी व्यवहार मंजूर होण्याआधीच व्हायला हवी. मात्र नियम फार कडक लावले तर प्रामाणिक ग्राहक अडकतात, खोट्या अलर्टचा ढीग साचतो आणि त्यात खरा अलर्ट दबून जातो, हेही तितकंच खरं.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून, फसवणुकीचा सबळ संशय असेल तर पेमेंट आणखी ७२ तासांपर्यंत रोखून धरायची मुभा बँकांना कायद्यानेच मिळाली आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण संशय आल्यावर थांबवायचा अधिकार तिथे स्पष्ट लिहिलेला आहे.

अशी यंत्रणा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून नियामकांनी आधी लेखी उत्तर घ्यावं: रात्री अडीचला अलर्ट आला तर तो कोण पाहणार, आणि व्यवहार थांबवायला त्याला कोणाची परवानगी लागणार? शिवाय अलर्ट निघाल्यापासून कारवाई होईपर्यंत किती वेळ गेला, हा आकडा तक्रारदाराला न मागता मिळायला हवा. आम्हाला तो मिळवायला पाच महिने आणि अकरा पत्रं लागली.

आपली विश्वासू,
एक वाचक