लेखकाचे घर पाहावे ते बागेतून

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडच्या सहलींची माहितीपत्रके चाळताना एक गोष्ट नेहमी खटकते. साहित्यप्रेमींसाठी म्हणून त्यांत जे असते ते बहुधा शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डला सुरू होते आणि तिथेच संपते; फार तर एखाद्या मालिकेत झळकलेला सरदारी वाडा वाटेत दाखवला जातो. लंडनच्या दक्षिणेला केंट आणि ससेक्समध्ये मात्र लेखकांची राहती घरे बागांसह जपलेली आहेत, आणि माझे म्हणणे असे की, तिथे जाणाऱ्याने खोल्यांपेक्षा बागेला जास्त वेळ द्यावा. खोल्यांची मांडणी पुष्कळदा मागाहून आलेल्यांनी केलेली असते आणि ती दोरीच्या अलीकडे उभे राहूनच पाहावी लागते.

रॉडमेल गावातील मंक्स हाउस हे कादंबरीकार व्हर्जिनिया वूल्फ आणि त्यांचे पती लेनर्ड यांनी १९१९ मध्ये घेतलेले साधेसे घर. व्हर्जिनियाबाईंची लिहिण्याची खोली बागेच्या टोकाला आहे, आणि पुढे वाढवलेल्या त्यांच्या निजायच्या खोलीचे दारही बागेतच उघडते; घरातून तिथे जायला वाट नाही.

बर्वॉशजवळचे बेटमन्स हे १६३४ सालचे घर रुडयार्ड किपलिंगने १९०२ मध्ये विकत घेतले. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाने १९०७ च्या नोबेल पारितोषिकाची रक्कम बागेतले तळे आणि गुलाबाचे ताटवे करण्यासाठी वापरली. त्या तळ्यात जो पाहुणा पडे, त्याच्या नावापुढे यजमान पाहुण्यांच्या वहीत ‘तळ्यात पडला’ या अर्थाची तीन आद्याक्षरे लिहून ठेवी. साम्राज्याचे गोडवे गाणाऱ्या माणसाची ही मिश्किल बाजू पाहताना दुसरी बाजू विसरू नये. वसाहतवाद आणि गुलामांच्या व्यापाराशी संबंध असलेल्या आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचा अहवाल नॅशनल ट्रस्टने, म्हणजे जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या तिथल्या संस्थेने, २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात बेटमन्सही आहे, म्हणून तिकडे बरीच ओरड झाली. मला तरी ती अनाठायी वाटते. घर दाखवायचे तर त्याचा हिशेबही दाखवायला हवा.

या सगळ्यांत मनात घर करते ती नोल आणि सिसिंगहर्स्ट ही जोडी. सेव्हनओक्स येथील नोल हा सॅकव्हिल घराण्याचा अवाढव्य वाडा. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट तिथे जन्मली आणि वाढली, परंतु १९२८ मध्ये वडील वारल्यावर, केवळ ती मुलगी होती म्हणून, वाडा तिच्याकडे न येता काकांकडे गेला. त्याच वर्षी व्हर्जिनिया वूल्फ यांनी तिच्यावरून रचलेली ‘ऑरलँडो’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि तिचे हस्तलिखित आज नोलमध्येच आहे. वाडा हातचा गेलेल्या व्हिटाने आणि तिचे पती हॅरल्ड निकल्सन यांनी १९३० मध्ये सिसिंगहर्स्ट येथील पडझड झालेली जुनी वास्तू घेतली. बागेची आखणी हॅरल्डची, सरळ रेषांची; लागवड व्हिटाची, हात सैल सोडून केलेली. वास्तूचे उरलेले भाग एकमेकांपासून सुटे असल्यामुळे निजणे एका इमारतीत, जेवण दुसरीत आणि व्हिटाचे लेखन मनोऱ्यात, असा संसार होता. प्रत्येक वेळी बाग ओलांडावीच लागे. अशा घराची बाग टाळून नुसता मनोरा चढून येणाऱ्याला घर दिसलेच नाही असे म्हणावे लागेल.

सहल कंपन्यांना एक सूचना. यांतील काही ठिकाणे आठवड्यातील ठरावीक दिवशीच उघडी असतात आणि मंक्स हाउस तर इतके लहान आहे की बसभर माणसे एकदम आत मावणार नाहीत, तेव्हा चौकशी आधीच करावी. सिसिंगहर्स्टच्या प्रसिद्ध पांढऱ्या बागेतील मांडवावरचा गुलाब साधारणपणे जूनअखेरीस किंवा जुलैच्या आरंभी फुलतो. मे महिन्यात नेलेल्या प्रवाशांना तो दिसत नाही. आणि हाताशी एकच दिवस असेल, तर सकाळी नोल व दुपारी सिसिंगहर्स्ट असाच क्रम ठेवावा, कारण काय गमावले ते आधी पाहिल्याशिवाय व्हिटाने ही बाग एवढ्या ईर्ष्येने का उभी केली ते उमगत नाही.

आपला,
एक वाचक