नाना, झोपेसाठी पेग घेताय तोच झोप मोडतोय

प्रिय आई आणि नाना,

फोनवर हा विषय काढला की नाना "जेवलीस का" विचारतात आणि फोन आईकडे देऊन मोकळे होतात, म्हणून लिहितेय. आई, तूच मोठ्याने वाच, चष्मा सापडत नाही हे कारण आज चालणार नाही.

नाना, तुम्ही काही बेवडे नाहीत, हे आख्ख्या भुसावळला माहितीये. गाडी चालवत होता तोवर ड्युटीला लागताना ब्रेथ ॲनालायझर असायचा, तुम्ही थेंबाला शिवला नाहीत. रिटायर झाल्यावर सुरू झालं, नाइट ड्युटीने झोपेची पार वाट लागली, दोन पेग घेतले की डोळा लागतो म्हणून. लागतो ना, खरंय. पण तीन वाजता टक्क जागे होऊन ओट्यावर जाऊन बसता त्याचं काय?

हिशोब करू. तुमचा पेग म्हणजे ६० एमएल, तोही अंदाजाने ओतलेला. असे दोन म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. लिव्हर तासाला साधारण ७-८ ग्रॅमच संपवतं, म्हणजे साडेनऊला बसलात तर रात्री अडीच-तीनपर्यंत त्याचंच काम चालू. दारूची गुंगी उतरली की झोप उथळ होते आणि जाग येते, वर लघवीला उठावं लागतं ते वेगळंच. घशाचे स्नायू ढिले पडतात म्हणून घोरणंही वाढतं, आणि त्यात श्वास अडकला तर ते नुसतं घोरणं नसतं. आई शेजारच्या खोलीत झोपायला लागली ते काय उगीच?

आता पोट. अल्कोहोलच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे त्या दोन पेगांच्याच २८० च्या आसपास, तीन पोळ्या प्यायल्यासारखं. शरीर आधी दारू जाळतं, चरबी तशीच पडून राहते. आणि बरोबर काय असतं तर शेव, तळलेले शेंगदाणे, वरून रात्री दहाला तर्रीवाली शेवभाजी! सकाळी तापीकाठी फिरायला जाऊन पोट का उतरत नाही असं मलाच विचारता.

मामा म्हणतात थोडी घेतलेली हार्टला चांगली. तसं सांगणाऱ्या जुन्या अभ्यासांपैकी बऱ्याच ठिकाणी, आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही न पिणाऱ्यांत धरली होती, मग पिणारे धडधाकट दिसणारच की. २०२३ ला डब्ल्यूएचओने सरळ सांगितलं, इतकी घेतली तर काही धोका नाही असं कुठलंच प्रमाण नाही. दारूने कॅन्सर होतो हे तर १९८८ पासून मान्य आहे. तुमची बीपीची गोळी चालू आहे, दारूने बीपी वाढतं, आणि या वयात अंगातलं पाणी कमी झालेलं असतं म्हणून तेवढीच दारू जास्त चढते. चाळिशीतला हिशोब आता लावू नका.

हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असली आणि तिथे मित्रांसोबत एक छोटा घेतला तर मी भांडायला येणार नाही. रोजचं, झोपेसाठीचं, ते मात्र बंद करा. पण एकदम बंद करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, रोजची सवय आहे, हात थरथरले, घाम फुटला तर घरी काढत बसायचं नसतं. आणि त्यांना खरा आकडा सांगा, "कधीतरी घेतो" नाही. आई, तू सोबत जा, नाहीतर हे तिथेही "जेवलात का" विचारून येतील.

तुमची पोरगी