आराखडा ग्रामसभेत तयार व्हावा

महोदय,
2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून गावोगावी ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्याची, म्हणजे ग्रामपंचायतीच्या वर्षभराच्या विकासकामांच्या नियोजनाची, लगबग सुरू होते. पुष्कळ गावांत मात्र आराखडा ग्रामसभेपुढे येतो तोच टाइप होऊन. मग ‘सर्वानुमते मंजूर’ एवढे लिहायचे उरते.

पैशाचे गणित आधी लोकांना कळले पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातील ग्रामपंचायत अनुदानात 60 टक्के रक्कम बंधित: निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेली 40 टक्के अबंधित. दहा लाख आले तर गावाच्या मर्जीचे चारच लाख. त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. म्हणजे ग्रामसभेने खल करायचा तो या चार लाखांवर, आणि नेमकी तीच चर्चा होत नाही.

त्याचे एक कारण प्रत्येक कामाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात आहे. पंचायत समितीच्या एका शाखा अभियंत्याकडे अनेक गावे असतात. गटार, पेव्हर ब्लॉक, काँक्रीट रस्ता यांची अंदाजपत्रके तयारच असतात. लांबी-रुंदी बदलली की काम भागते. गळकी टाकी, खराब व्हॉल्व्ह, शाळेचे छप्पर यांसाठी जागेवर जाऊन मापे घ्यावी लागतात, म्हणून ती कामे मागे पडतात. आणि ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवरील आराखड्यात काम नसेल, तर ते कितीही निकडीचे असले तरी त्यावर पैसा टाकता येत नाही. ऑक्टोबरमध्ये जे राहिले ते एप्रिलच्या पाणीटंचाईत भोवते.

दुसरे कारण कोरम. कायद्याने ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तितकी उपस्थिती लागते. तीन हजार मतदारांच्या गावात 15 टक्के म्हणजे 450, पण शंभरावर काम भागते. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. वर्षभराचा आराखडा मग वीस-पंचवीस जणांत मंजूर होतो. अनेक गावांची मिळून एक असलेल्या गट ग्रामपंचायतीत तर सभा बहुधा मोठ्या गावात भरते. तीन-चार किलोमीटरवरच्या वाडीतली बाई मजुरी बुडवून तिथे येणार कशी?

ज्यांना खरोखर बदल हवा आहे त्या सरपंचांनी सभेच्या पंधरा दिवस आधी शिवारफेरी काढावी आणि अभियंत्याला त्याच दिवशी बोलवावे, म्हणजे मापे जागेवरच होतील. सात दिवसांची नोटीस केवळ फलकावर न लावता वाडीवाडीत दवंडी द्यावी. ग्रामसभेआधी महिला सभा घेणे बंधनकारक आहे. तिचे ठराव मुख्य सभेत सर्वांत आधी वाचावेत, कारण पाण्याची खरी अडचण तिथेच मांडली जाते. गेल्या वर्षीच्या प्रत्येक कामाची मंजूर रक्कम आणि झालेला खर्च चावडीच्या भिंतीवर रंगवावा. इतिवृत्त सभा संपण्यापूर्वी वाचून दाखवावे. आठ दिवसांनी कोऱ्या जागेत ठराव घुसडण्याची वाट त्याने बंद होते. पैसे अदा करताना लागणारे डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल सरपंचांनी स्वतःकडेच ठेवावे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) या दोघांची डोंगल ग्रामपंचायतीतल्या संगणक केंद्रचालकाच्या खणात पडून राहिली, तर दोन स्वाक्षऱ्यांची अट कशासाठी?

शासनाकडे मागणी एवढीच आहे की, तहकूब सभेत इतर विषय घ्या, पण आराखडा आणि लाभार्थी निवड या दोन विषयांना किमान उपस्थिती सक्तीची करा. तसेच पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागांतील ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या गावांत, 2014 च्या नियमांनी पाड्यापाड्याला स्वतःच्या ग्रामसभेची वाट मोकळी केली, तशीच सोय उरलेल्या महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांनाही द्या. नाहीतर वाडीच्या नळाचा निर्णय मोठ्या गावातच होत राहील.

आपले,
पंचायत राज क्षेत्रातील कार्यकर्ते