एकाच काडतुसाच्या रायफलीवर मोठी दुर्बीण कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रब्बीचा मका आणि हरभरा रानडुकरांनी लोळवल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात हंगामभर येत असतात आणि त्यांच्या पाठोपाठ शेतकऱ्यांना बंदुका द्याव्यात की नाहीत हा वादही येतो. त्या वादात मला शिरायचे नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी, असे माझे मत आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकांच्या नुकसानीचा विचार केलेला असून, आपल्या राज्यात रानडुक्कर व रोही (नीलगाय) यांच्याबाबत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते. अशी परवानगी आणि स्वतःचा शस्त्रपरवाना असे दोन्ही कागद ज्यांच्याजवळ आहेत, त्या चोपडा, यावल, रावेर पट्ट्यातील शेतकऱ्यांमध्ये अलीकडे रायफलीवर दुर्बीण बसवून घेण्याची हौस वाढलेली दिसते. तिच्यापुरतेच हे पत्र आहे.

आयुध निर्माणीची .315 रायफल मॅगझिनची, म्हणजे एका वेळी अनेक काडतुसे भरता येणारी असते. तिच्यात पहिली गोळी हुकली तर दुसरी हाताशी असते. पण काही घरांत वारशाने आलेल्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफली अजून परवान्यावर आहेत. अशा रायफलीवर तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, चाळीस मिलिमीटर काचेची लांबलचक दुर्बीण चढवणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते. दुकानदार तीच पुढे करतो, कारण ती दिसायला भारदस्त असते आणि 'नऊ पट' हा आकडा ऐकायला बरा वाटतो.

आपल्या शिवारात नजर पोहोचते तरी किती लांब? पाच-पाच फुटांवर लावलेल्या केळीच्या बागेत चार ओळींपलीकडचे दिसत नाही. मृगात लावलेली मृगबाग असो वा पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग, केळीची पाने एकमेकांत गुंतली की आत अंधारच असतो. मक्याच्या कडेला किंवा नाल्याच्या काठाला जनावर दिसते ते बहुधा पन्नास-साठ मीटरच्या आत, आणि तेही क्षणभर. नऊ पटीच्या दुर्बिणीतून शंभर मीटरवर जेमतेम साडेचार मीटर रुंदीचा तुकडा दिसतो, चार पटीत सुमारे नऊ मीटर आणि अडीच पटीत तेरा मीटरच्या आसपास. अंतर निम्मे झाले की ही रुंदीही निम्मी होते. म्हणजे पन्नास मीटरवर नऊ पटीत बराचसा तुकडा काळ्या केसांनीच भरून जातो. डुकराचा खांदा कुठला, पुठ्ठा कुठला, मागे पिले आहेत की बांधावर झोपलेला राखणदार आहे, हे ऐन घाईत चटकन समजत नाही. गोळी एकच असताना हे न समजणे फार महाग पडते. जखमी होऊन केळीत घुसलेल्या डुकराच्या मागे जाणे किती जोखमीचे असते, ते या भागातल्या माणसाला सांगायला नको.

दुसरा मुद्दा उजेडाचा आहे. पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला पटीने भागले, म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. चार पट आणि बत्तीस मिलिमीटर असेल तर ती आठ मिलिमीटर भरते. अडीच पट आणि वीस मिलिमीटर असेल तरी आठच. नऊ पट आणि चाळीस मिलिमीटर असेल तर मात्र साडेचारसुद्धा भरत नाही. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वय वाढेल तशी कमी उघडते. पहाटे वा तिन्हीसांजेला, म्हणजे डुकरे बाहेर पडतात त्याच वेळी, छोटी आणि कमी पटीची दुर्बीण अधिक उजळ दिसते, ती या हिशेबामुळे. जास्त पैसे देऊन अंधार विकत घेण्यात काय अर्थ आहे? तोच पैसा चांगल्या काचेवर आणि तिच्यावरच्या लेपावर खर्च करावा. पाऊण इंची नळीच्या स्वस्त दुर्बिणींपासून तर दूरच राहावे. त्या मुळात .22 च्या छोट्या काडतुसाच्या रायफलीसाठी असतात, आणि मोठ्या काडतुसाच्या धक्क्याने त्यांतली नेम धरायची फुली लवकरच जागा सोडते.

वजनाचा विचार आपल्याकडे सहसा कोणी करत नाही. एककाडतुसी रायफलीला काडतूस पुढे ढकलणारा लांब बोल्ट नसल्यामुळे तेवढ्याच लांबीची नळी असूनही ती आखूड आणि हलकी असते, आणि तिचा तोल हाच तिचा मोठा गुण आहे. साडेतीनशे-चारशे ग्रॅमची दुर्बीण वर चढवली की तो तोल जातो. छोट्या दुर्बिणी दोनशे ग्रॅमच्या आसपास मिळतात. मात्र रायफल हलकी, म्हणजे तिचा धक्काही जोरकस. म्हणून डोळा आणि मागची काच यांच्यात नऊ-दहा सेंटिमीटर मोकळे अंतर देणारीच दुर्बीण निवडावी. ते अंतर कमी पडले की भुवई फुटते.

इथे एक मेख आहे. छोटी म्हणजे सगळीकडे चालेल, असे नाही. परदेशात 1967 पासून नावाजलेल्या रुगर नंबर वन या एककाडतुसी रायफलीवर दुर्बिणीच्या रिंगा नळीवरच्या पट्टीवर, म्हणजे बऱ्याच पुढे बसतात. फार आखूड दुर्बीण घेतली तर तिची मागची काच डोळ्यापर्यंत पोहोचत नाही आणि नेम धरताना मान पुढे ताणावी लागते. मधून मोडणाऱ्या रायफलीत दुर्बीण नळीबरोबरच उचलली जाते, त्यामुळे काडतूस भरताना तिची अडचण होत नाही. पण घोडा बाहेर असेल तर तो नेमका मागच्या काचेखाली येतो आणि चढवताना अंगठा निसटण्याची भीती राहते. घोड्याला बाजूने जोडायचा छोटा खुंट मिळतो, तो अवश्य लावावा. जुन्या मार्टिनी पद्धतीच्या, म्हणजे खालच्या दांड्याने उघडणाऱ्या रायफलीत काडतूस वरून सरकवावे लागते, म्हणून दुर्बीण फार खाली बसवली तर बोटे आत जात नाहीत. तेव्हा आधी रायफल नीट पाहावी, रिंगांची जागा मोजावी आणि मगच दुर्बिणीची लांबी ठरवावी. वडिलोपार्जित मार्टिनीला गल्लीतल्या कारागिराकडून भोके पाडून घेणे हा तर मला गुन्हाच वाटतो. हे काम परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडूनच, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्रपरवाना शाखेला आधी लेखी विचारून करावे.

माझी पसंती विचाराल तर पट न बदलणारी, अडीच किंवा चार पटीची, एक इंची नळीची आणि जाड फुलीची दुर्बीण. पट बदलणारीच हवी असेल तर दोन ते सातची घ्यावी आणि ती कायम दोनवर ठेवावी, कारण ऐन वेळी पट बदलण्याचे कडे फिरवायला सवड नसते. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुर्बीण नळीच्या सुमारे चार सेंटिमीटर वर असते, त्यामुळे पंचाहत्तर मीटरवर नेम जमवलेल्या रायफलीची गोळी दहा-पंधरा मीटरवर फुलीच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली लागते.

रायफलीवरच्या दुर्बिणीतून 'तिकडे काय हलते आहे' ते पाहण्याची खोड मात्र अतिशय वाईट आहे. जे हलते ते पाणी द्यायला निघालेले पावरा आदिवासी कुटुंबही असू शकते, आणि तेवढा वेळ नळी त्यांच्यावर रोखलेली असते. पाहण्यासाठी गळ्यातली साधी दुर्बीण वापरावी. रायफल खांद्याला लावायची ती जनावर ओळखून, त्यामागे माती किंवा बांध आहे याची खात्री झाल्यावरच.

आपल्या दैनिकामार्फत वनखात्याला एक विनंती करतो. परवानगीच्या कागदावर गट क्रमांक, मुदत आणि मारलेले जनावर खात्याच्या ताब्यात देण्याची अट लिहिता येते, तशी आणखी एक ओळ वाढवावी: दुर्बीण बसवलेली रायफल अर्जदाराने चांदमारीवर कागदी निशाणावर तपासून दाखवावी आणि तो कागद अर्जाला जोडावा.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी
ता. रावेर, जि. जळगाव